ॲम्बॅसिडरचा ताप

सासऱ्यांनी मला दोन गोष्टी दिल्या: मुलगी आणि ॲम्बॅसिडर. मुलीबद्दल तक्रार करायची माझी छाती नाही, म्हणून ॲम्बॅसिडरबद्दल बोलतो.

तिचं मूळचं १४८९ सीसीचं इंजिन इतकं थकलं होतं की भंडाऱ्याहून लाखनी गाठेपर्यंत सायकलवाले ओळख काढून पुढे जायचे. हीच गाडी कंपनीने नव्वदच्या दशकात इसुझूचं १८१७ सीसीचं, ७५ अश्वशक्तीचं इंजिन बसवून विकली होती. तसलं एक मला नागपूरच्या भंगारात सापडलं. दुकानदार म्हणाला, "याचाच रेडिएटर आहे, तोही न्या." मी हसलो. पितळी रेडिएटर माझ्या गाडीत होताच, आणि हा गृहस्थ भंडाऱ्याच्या माणसाला पितळ विकायला निघाला होता!

पेट्रोलच्या उष्णतेतला ढोबळमानाने तिसरा हिस्सा इंजिनाच्या पाण्यात जातो, आणि ते पाणी निववायचं काम रेडिएटरचं. जुनं इंजिन पन्नास-पंचावन्न अश्वशक्तीचं, नवं ७५ चं. म्हणजे पूर्ण ताकद लावली की उष्णताही जवळजवळ दीडपट. हे त्रैराशिक मी शाळेत पोरांना फळ्यावर घालतो, चुकलं की ओरडतो, आणि तरी मे महिन्यात, पारा पंचेचाळिशीला टेकलेला असताना, वैनगंगेच्या पुलावर बॉनेटमधून वाफ निघाली तेव्हा उन्हाला दोष देत बसलो.

मग कुणीतरी सुचवलं, झाकण कडक बसव. आतला दाब दर चौरस इंचाला एक पौंड वाढला की पाणी दीडेक अंश उशिरा उकळतं, कुकरचंच शास्त्र. ते खरंही आहे. फक्त कुकरला माझ्या गाडीसारखे तीस वर्षांचे रबरी पाइप नसतात. वरचा पाइप फुटला, कारध्याच्या टपरीवर मी गरम पाण्याने न्हालो, आणि टपरीवाल्याने चहाचे पैसे घेतले नाहीत.

यावर मी शांतपणे विचार केला आणि ट्रकचा रेडिएटर आणला. मोठा म्हणजे चांगला, यात चुकण्यासारखं काय होतं? जाळी चांगली जाडजूड, उचलायला दोन माणसं. पुढची लोखंडी पट्टी कापली, ग्रिल काढून माळ्यावर टाकली, तरी बॉनेट मिटेना म्हणून सुतळीने बांधलं. हायवेवर काटा जागचा हलेना. मी शीळसुद्धा घातली. बड्या बाजारात शिरलो, पुढे बैल, मागे ऑटो, आणि पाच मिनिटांत पुन्हा वाफ.

मिस्त्रीने बॉनेटची सुतळी सोडली आणि बराच वेळ आत बघत राहिला. "भाऊ, पळताना तापली तर रेडिएटर कमी. उभ्यानं तापली तर हवा कमी. एवढ्या जाड जाळीतून हा एवढासा पंखा काय ओढन जी? अन् पंख्याले कडं कुठं हाय?"

कडं म्हणजे पंख्याभोवतीचं आवरण. ते नसलं की पंखा जाळीतून ओढण्याऐवजी बाजूची गरम हवाच फिरवत बसतो. मी निमूट नागपूरला जाऊन इसुझूचा तोच रेडिएटर आणला. दुकानदाराने भाव दुप्पट केला होता. यावेळी तो हसला.

राहिलं कडं. चौकोनी पत्रा मिळाला, पण मधलं गोल कडं हवं होतं आखीव, पंख्याला बोटभर जागा सोडणारं. मी पितळी भांड्यांच्या या गावभर माप घेऊन फिरलो. नेमकं माप आमच्याच स्वयंपाकघरात निघालं. सौ. पवनीला माहेरी गेली होती. एका कारागिराने परातीचा तळ कापला, काठ पत्र्याला झाळून दिला, आणि पैसे घेताना विचारलं, "घरी इचारलं का?"

गाडी आता खरोखर तापत नाही. बाजारात उभी राहिली तरी नाही.

फक्त इंजिन बदललं की १९८८ च्या मोटार वाहन कायद्याचं ५२ वं कलम आडवं येतं, गाडी आरटीओला दाखवावी लागते. सौ. म्हणाली, "बाबांची गाडी आहे, मीही येते." निरीक्षकांनी बॉनेट उघडलं, इंजिन नंबर टिपला, मग चष्मा वर करून कड्यावरची कोरलेली अक्षरं मोठ्याने वाचली: "चि. सौ. कां. मंदा हिस मामांकडून सप्रेम भेट."

"मंदा कोण?" त्यांनी विचारलं.

मंदा माझ्या शेजारीच उभी होती.