टॉप मॉडेलवाल्या शेठना, सप्रेम नमस्कार

प्रति,
शेठ (नाव तुम्हाला ठाऊक आहे, मला ठाऊक आहे आणि स्पीड पोस्टाच्या पावतीवरही आहे, इथे कशाला?)
जुन्या गाड्यांचं दालन, बायपासचा सर्व्हिस रोड, पुणे



सोबतच्या पाकिटात तुमची एअरबॅग परत पाठवतो आहे. घडी घालावी लागली नाही. बोटभर लांब, करडी, पातळ; वर इंग्रजी सहा अक्षरं उठावदार छापलेली. गोंद थोडा वाळलाय, पण जरा दाबून बसवलीत तर अजून एखाद्या गाडीला चालून जाईल. माल वाया जाऊ नये.

ती निघाली कशी, ते सांगतो. मे महिना, दुपारचा दीड. गाडी सातारला पोवई नाक्याजवळ दोन तास उन्हात उभी होती. बायको डाव्या सीटवर बसली. समोर डॅशबोर्डवर काहीतरी उचकटल्यासारखं दिसलं म्हणून तिने सहज नख लावलं. ‘अहो,’ ती म्हणाली, ‘एअरबॅग निघाली.’ एअरबॅग तिच्या तर्जनीला चिकटली होती. मी हसलो, शेठ. खरंच हसलो. ती हसली नाही. ती त्या जागेकडे बघत होती. तिथे धूळ न बसलेली एक लांबट चकचकीत पट्टी तेवढी उरली होती.

तुमच्या कामातला बारकावा मात्र मानला. पुढच्या सनव्हायजरवरही तुम्ही इशाऱ्याचं पिवळं लेबल लावलं होतं: लहान बाळाच्या खुर्चीचं चित्र आणि त्यावर लाल काट. नसलेल्या एअरबॅगेपासून मुलांना जपा, असं सांगणारा विक्रेता मी तरी दुसरा पाहिला नाही. आमची धाकटी नऊ वर्षांची. नवी गाडी (आम्हाला ती नवीच) म्हटल्यावर तिला पुढे बसायचं होतं. तीन आठवडे रोज रडारड. तीन आठवडे मी तिला गंभीर चेहऱ्याने समजावत होतो, की बाळा, समोर एअरबॅग आहे, ती फार जोरात उघडते, तुला लागेल. आता तिने विचारलंय, ‘बाबा, मग मी पुढे बसू?’ याचं उत्तर तुम्हीच मला लिहून पाठवा.

स्टिकर निघाल्यावर गाडी मिस्त्रीकडे नेली. त्याने आधी किल्ली अर्धी फिरवली आणि मीटरकडे बोट दाखवलं. म्हणाला, ‘इथं लाल दिवा लागून विझायला पाहिजे. बसलेला माणूस आणि पुढं फुगा. तुमच्यात दिवाच नाही.’ मग स्टिअरिंगच्या मधलं झाकण काढलं. त्या झाकणावरही तीच सहा अक्षरं. तिथे तुम्ही स्टिकरवर भागवलं नव्हतं, अस्सल झाकण होतं. उलटं करून दाखवलं तर आतून ते मधोमध फाटलेलं आणि फेव्हिक्विकने जोडलेलं. मागे पॅकिंगच्या फोमचा एक तुकडा, दाबल्यावर मऊ लागावं म्हणून. मिस्त्रीने तो तुकडा माझ्या हातात दिला आणि काहीच बोलला नाही. तो एरवी फार बोलतो.

ते फाटलेलं झाकण मी बराच वेळ बघत होतो. कुठल्या तरी दुसऱ्या गाडीत, कुणासाठी तरी ती एअरबॅग खरोखर उघडली होती. झाकण फाटलं ते तेव्हाच. त्या माणसाचं काय झालं देव जाणे, वाचला असावा. त्याच्या गाडीचं भंगार झालं, झाकण बाजारात आलं, तुमच्याकडून माझ्यापर्यंत पोचलं, आणि मी त्यावर हात ठेवून रोज ऑफिसला जात होतो.

आता जाहिरात. ती तुम्ही माझ्या पहिल्या फोननंतर तासाभरात काढून टाकलीत. चपळाई आवडली. पण झालं असं, की गाडी ठरली त्या रात्री मी जाहिरातीचा स्क्रीनशॉट माझ्या साडूला पाठवला होता. माहिती द्यायला नव्हे, जळवायला. त्याने ‘भारी’ असं उत्तरही दिलं आहे, तारीख-वेळेसकट. त्यात तुमचेच शब्द आहेत: ‘2018, टॉप मॉडेल, दोन एअरबॅग, एबीएस, क्रूझ कंट्रोल, रिव्हर्स कॅमेरा, डॉक्टर वापर.’

क्रूझ कंट्रोलचं बटण आहे. ते कशालाच जोडलेलं नाही. रिव्हर्सचा गिअर टाकला की पडद्यावर निळाशार रंग येतो, बघायला प्रसन्न वाटतो. एबीएस नाही. डॉक्टरांबद्दल मी काही बोलत नाही. सीटखाली तंबाखूच्या चार रिकाम्या पुड्या सापडल्या, पण डॉक्टरही माणूसच आहे. हे सगळं मी तुम्हाला माफ करायला तयार होतो. जुनी गाडी घेणाऱ्याने थोडं सोसायचंच असतं, टायर आणि बॅटरीबद्दल तर विचारायचंच नसतं, एवढी जनरीत मलाही कळते.

आणि माझी चूकही आधीच कबूल करून टाकतो, तुमच्या वकिलाचे कष्ट वाचतील. आरसीवर मॉडेलच्या रकान्यात बेस मॉडेलचीच अक्षरं होती. मी ती वाचली नाहीत. मी रंग बघत होतो. मागे डिकीवर टॉप मॉडेलचा चमकता बिल्ला होता, मी त्यावर विश्वास ठेवला. नंतर चौकशी केली. नाना पेठेत तो बिल्ला दीडशे रुपयांना मिळतो. बेस आणि टॉप यांत तुम्ही माझ्याकडून घेतलेला फरक सव्वा लाखाच्या घरात जातो. आता मी आयुष्यात पहिल्यांदा आरसी बघणारा माणूस. तुमच्या हाताखालून रोज चार जातात. ती अक्षरं तुम्हीही वाचली नाहीत, असं तुम्ही ग्राहक आयोगापुढे म्हणणार असाल तर मला तिथे पहिल्या बाकावर बसायचं आहे.

बेस मॉडेलमध्ये एअरबॅग नसणं हा गुन्हा नाही. 2018 साली तशी सक्तीच नव्हती. चालकापुरती एअरबॅग सक्तीची झाली 1 जुलै 2019 पासून, आणि शेजारच्या सीटचा नंबर लागायला पुढे 2021 उजाडलं. चालवणाऱ्याचा जीव आधी, शेजारचीचा नंतर. सरकारचं आणि आपल्या घराचं गणित इथे जुळतं. म्हणजे तुम्ही ‘बेस मॉडेल, एअरबॅग नाही’ एवढं म्हणाला असतात तर कायदा तुमच्या बाजूने उभा होता. मी कदाचित गाडी घेतलीही असती, कमी पैशांत. आणि चालवलीही असती जरा हळू.

आपलं फोनवरचं बोलणं मला पाठ आहे.

पहिल्यांदा म्हणालात, ‘आणा गाडी, बसवून देऊ.’ शेठ, एअरबॅग म्हणजे सीट कव्हर नव्हे. तिला पुढचे सेन्सर लागतात, कंट्रोल युनिट लागतं, स्टिअरिंगमधली कॉइल, वायरिंग, तिच्याशी जुळणारे बेल्ट लागतात. धडक बसल्यावर पापणी लवायच्या आत ती फुगून उभी राहावी लागते. गॅरेजमध्ये चहा पिता पिता बसवायची वस्तू ती नाही.

दुसऱ्यांदा म्हणालात, ‘जसं आहे तसं घेतलंय, कागदावर सही आहे तुमची.’ आहे. पण मी ‘जसं आहे तसं’ घेतलं ते तुम्ही सांगितलं तसं समजून. वर्णनावरून विकलेला माल वर्णनासारखाच असला पाहिजे, हे 1930 च्या मालविक्री कायद्यात कलम 15 मध्ये लिहिलंय. म्हणजे ही अक्कल आपल्या आजोबांच्या काळात आलेली आहे. आणि 2019 च्या ग्राहक संरक्षण कायद्यात अनुचित व्यापारी प्रथा कशाला म्हणायचं ते सांगताना अगदी सुरुवातीलाच येतं: माल अमुक दर्जाचा, अमुक प्रतीचा, अमुक मॉडेलचा आहे असं खोटं सांगणं. ‘मॉडेल’ हाच शब्द आहे, शेठ. कायदा लिहिणारे तुमच्या दालनावरून जाऊन आले असणार.

तिसऱ्यांदा तुम्ही हसलात. म्हणालात, ‘साहेब, एअरबॅग कधी लागते का? देव करो आणि न लागो. इतक्या गाड्या दिल्या, आजवर एकानेही तक्रार केली नाही.’

इथे माझी विनोदबुद्धी संपते.

माझी सासुरवाडी पुण्याची. त्या तीन आठवड्यांत आम्ही चार फेऱ्या केल्या. पुण्याकडे जाताना खंबाटकीचा बोगदा, बोगद्यानंतर ते वळण. त्या वळणाने काय काय घेतलंय हे साताऱ्याच्या माणसाला सांगावं लागत नाही. तिथून जाताना आमच्याकडे गप्पा आपोआप थांबतात. दर वेळी बायको डाव्या सीटवर होती. तिच्यासमोर तुमचं स्टिकर होतं. आणि तुम्ही मला सांगता, आजवर एकानेही तक्रार केली नाही? ज्याच्यासमोर स्टिकर उघडलं नाही, तो तक्रार करायला येणार कुठून? लाज वाटली पाहिजे. तुम्हाला कॅमेऱ्यात फसवायचं होतं तर फसवायचं, गाण्याच्या डेकमध्ये फसवायचं, हवं तर मीटर मागे फिरवायचा. यात कशाला हात घातलात?

असो. रक्तदाबाची गोळी घेऊन आलो.

मग मी दालनात आलो ते तुम्हाला आठवत असेल. भांडायच्या तयारीने आलो होतो. वाटेत संवादही म्हणून ठेवले होते. तुम्ही वही काढलीत. गाडी तुम्हाला लॉटमध्ये आली होती, तीन लाख अठ्ठ्याण्णवला. वर रंगकाम, टायर, पोराचा पगार, पत्र्याच्या शेडचं भाडं. ‘मलाही टॉप मॉडेल म्हणूनच आली साहेब,’ म्हणालात. मी विश्वास ठेवणार नव्हतो. पण मी स्टिकर टेबलावर ठेवलं, तुम्ही ते उचललंत, पालथं केलंत, पुन्हा सुलटं केलंत. आणि तुमचा चेहरा बघून मला पहिल्यांदा वाटलं, की हे यांनी चिकटवलेलं नसेल. लॉटमधून आलेल्या गाडीचं झाकण उघडून बघायचं नाही, बघितलं तर भाव उतरतो, म्हणून न बघता पुढे ढकलायची. तुम्हाला कुणीतरी ढकलली, तुम्ही मला. त्या क्षणी मला तुमची दया आली, हे लिहायला मला अजिबात आवडत नाहीये. दया आली म्हणून चार लाख पस्तीस हजार सोडता येत नाहीत. त्यातले तीन लाख पतसंस्थेचे आहेत आणि पतसंस्थेला कुणाची दया येत नाही.

तेव्हा आता व्यवहाराचं.

मला गाडीत नवं काही बसवून नको. गाडी घ्या, पूर्ण रक्कम द्या, नावावर करण्याचा खर्च द्या. गाडी पुन्हा विकाल तेव्हा बेस मॉडेल म्हणून विका. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवस थांबतो. 1915 या ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवून झाली आहे. सोळाव्या दिवशी जिल्हा ग्राहक आयोगात अर्ज जाईल. ई-जागृती पोर्टलवर तो घरबसल्या भरता येतो, वकील लावावाच लागतो असं नाही, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क शून्य आहे. तक्रारीला मुदत दोन वर्षांची असते. माझा तर अजून हप्ताही दुसराच चालू आहे. निकाल कायद्यात लिहिलाय तितक्या लवकर लागत नाही, तारखा पडतात, हे मलाही ठाऊक आहे. मी सरकारी नोकरीत आहे. तारखांची मला सवय आहे.

आणि हो, पावतीवर तुम्ही छापलंय, ‘वाद पुणे न्यायकक्षेत’. फोनवर बजावलंतही, ‘हेलपाटे तुम्हालाच पडतील.’ 2019 च्या कायद्याने ग्राहक राहतो त्या जिल्ह्यातही तक्रार करता येते. म्हणजे सातारा. खेड-शिवापूरला टोल, मग घाट, मग आनेवाडीला टोल. येताना खऱ्या एअरबॅगची गाडी काढा.

आपला,
(आतापर्यंत आपला) ग्राहक

ता. क. वरचं शेवटचं वाक्य टोमणा म्हणून लिहिलं, पण पत्र बंद करताना एक आठवलं. मी आलो त्या दिवशी दालनाच्या तोंडाशी एक पांढरी गाडी उभी होती. डाव्या सीटवर शाळेच्या गणवेशात तुमचा मुलगा बसला होता, बूट डॅशबोर्डवर टेकवून, मोबाइलवर खेळत. मी किंमत विचारली तर तुम्ही अभिमानाने म्हणालात, ‘ती नाही विकायची साहेब, घरची आहे. त्याच लॉटमधली, टॉप मॉडेल.’

पैशांचं आपण आयोगापुढे बघू. आज संध्याकाळी त्या गाडीची किल्ली अर्धी फिरवा आणि लाल दिवा लागून विझतो का ते बघा. नाहीच लागला, तर डॅशबोर्डला डाव्या बाजूला नख लावून बघा.