पद्मिनीला रंग, पण सगळ्यात शेवटी

मिसिसागा, कॅनडा

ती. नानाकाकांस,


गणपतीच्या आत पद्मिनीला चाळीच्या अंगणातच नवा रंग मारायचा तुमचा बेत कळला. त्यावर इथे घरात सर्वानुमते ठराव झाला, तो असा : पैसा आधी गाडीच्या पोटाखाली, रंग सगळ्यात शेवटी.

कारण असं, की कुर्ल्याला बनलेली ही फियाट ११०० सन १९७४पासून पद्मिनी म्हणून मिरवत असली, तरी तिला वेगळी चासी नाही. फ्लोअर, दारांखालच्या पोकळ पट्ट्या आणि चाकांवरच्या कमानी मिळून जो सांगाडा होतो, तोच इंजिनासकट अख्ख्या कुटुंबाचं वजन पेलतो. तिथला पत्रा कुजला की प्रश्न रूपाचा उरत नाही. शिवाय गंज बहुतेकदा आतून येतो. दाराच्या तळाला पाणी निघायला भोकं असतात. ती चिखलाने बुजली की काचेच्या रबरातून उतरलेलं पाणी दारातच साचतं. उरलेलं काम चौपाटीचा खारा वारा आणि हिंदमात्याचं गुडघाभर पाणी करतं. गंजाला मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा लागते, म्हणून तो रंगाला आतून ढकलतो आणि फोड येतो. बाहेर वाटाण्याएवढा फोड दिसतो, तेव्हा आत तळहाताएवढा पत्रा गेलेला असू शकतो. त्यावर रंग मारणं म्हणजे गच्ची गळत असताना खालच्या खोलीला डिस्टेंपर लावणं.

तुम्ही म्हणाल, लांबी (पुट्टी) भरून पॉलिश पेपर मारला की झालं, टॅक्सीवाले काय वेगळं करत होते? पण त्यांना वीस वर्षांची मुदत भरेपर्यंतच गाडी ओढायची होती. २००३ साली नोंदलेली शेवटची काळी-पिवळी पद्मिनीसुद्धा ऑक्टोबर २०२३मध्ये थांबली. तुम्हाला गाडी नातवाला द्यायची आहे. लांबी ओल शोषते आणि तिच्याआड गंजाचा संसार सुखाने चालू राहतो. म्हणून कापडात गुंडाळलेलं लोहचुंबक दारांच्या खालच्या कडेवरून फिरवा. ते जिथे चिकटायला नकार देईल तिथे पत्रा नाही, मागच्या पेंटरची कलाकुसर आहे. तेवढा भाग निरोगी पत्रा लागेपर्यंत कापून नवा तुकडा वेल्ड करून घ्या. आधी पेट्रोलची टाकी आणि बॅटरी उतरवा, नाहीतर विसर्जनाला चौपाटीपर्यंत जायची गरज उरणार नाही. मग प्रायमर, जोडांवर सीलर आणि पोकळ भागांत मेणाचा फवारा. इथे हिवाळ्यात रस्त्यांवर मीठ टाकतात, म्हणून पुष्कळ लोक दरवर्षी गाडीच्या पोटात तेल मारून घेतात, मग वरून गाडी आंघोळीवाचून राहिली तरी चालते. तुमच्याकडे मीठ बाराही महिने हवेतच आहे, आणि आपण पॉलिश करतो बॉनेटला!

लालबाग-परळचे मूर्तिकार मांडवात कंप्रेसर लावून रंग मारतात, मग आपण का नाही, हा तुमचा मुद्दा वजनदार आहे. पण मूर्तीला गंज चढत नाही आणि तिला दहाच दिवस उभं राहायचं असतं. श्रावण-भाद्रपदाच्या दमट हवेत ड्यूको रंग मारला, तर थिनर उडताना पत्रा गार पडतो, हवेतली वाफ ओल्या रंगावर बसते आणि रंग पांढुरका होतो. नव्या पीयू रंगाचं दुखणं वेगळं : त्याच्या हार्डनरमधले आयसोसायनेट श्वासातून गेले तर दमा जडू शकतो, तोंडाला रुमाल बांधून भागत नाही. तेव्हा खरवडणं, घासणं आणि ब्रशने प्रायमर लावणं अंगणात. रंगाचा हात बूथ असलेल्या गॅरेजात. शेजाऱ्यांचे वाळत घातलेले कपडेही त्यांच्या मूळ रंगात राहतील.

‘एवढ्या खर्चापेक्षा भंगारात द्या’ हे काकूंचं म्हणणं हिशोबाने बरोबर आहे. पत्र्याचं काम रंगापेक्षा महाग पडेल आणि विकताना ते पैसे सुटतीलच असं नाही. पण मग एक तर पत्र्याचं काम करा, नाहीतर काकूंचं ऐका. नुसता रंग हा तिसरा मार्ग दोन्हीकडून बुडवणारा : पैसे जातील, गंज राहील. रंग मूळचाच ठेवा. बदललात तर आरसीत नोंद करावी लागेल, आणि त्याआधी काकूंची मंजुरी, जी आरटीओपेक्षा अवघड. यंदा दसऱ्याला प्रायमरवरच झेंडूची माळ घाला आणि रंगाचं दिवाळीनंतर कोरड्या हवेत बघा. तोवर कोणी गाडीला हसलं, तर त्याला लोहचुंबक देऊन स्वतःची गाडी तपासायला सांगा.

काकूंना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमचा,
बाळ्या