आधी मांडी घालून दाखवा

योग सुरू करायचाय? मग आधी मॅट घ्या. मॅटला पिशवी घ्या. पिशवीला शोभेल अशी पाण्याची बाटली घ्या. खरेदी झाली की निम्मी साधना झाली. उरलेली निम्मी मॅट कपाटावर टाकताना होते; तेवढ्यात हात वर ताणले जातातच.

घरात सतरंजी होती. पण सतरंजीचा फोटो कोण टाकणार?

पतंजलींच्या यादीत पहिली पायरी यमांची. खोटं बोलू नका, चोरी करू नका, गरजेपेक्षा जास्त साठवू नका, वगैरे. आसनांचा नंबर तिसरा, आणि एकशे नव्वदच्या वर सूत्रांमधली जेमतेम तीन त्यांच्या वाट्याला. नवशिक्यांच्या पॅकेजमध्ये मात्र थेट तिसऱ्या पायरीपासून सुरुवात. बरोबरच आहे. खोटं बोलू नका असं शिकवणाऱ्या वर्गाची फी कोण भरेल?

सुरुवातीचा मुहूर्तही सरकारी. संयुक्त राष्ट्रांनी डिसेंबर २०१४ मध्ये २१ जून ही तारीख ठरवली, २०१५ पासून जगभर योग दिन सुरू झाला. उत्तर गोलार्धातला सगळ्यात मोठा दिवस, असा त्यामागचा विचार. महाराष्ट्रात त्या सुमाराला पाऊस येतो, याचा विचार मंडपवाल्याने करायचा. पाहुणे येईपर्यंत मंडळी वज्रासनात. पाहुणे येतात तेव्हा निम्म्यांना उठून उभं राहता येत नाही.

याला आदर समजतात.

आता नवशिक्याची खरी इच्छा. शीर्षासन! वाकल्यावर हात गुडघ्याखाली जात नाहीत, पण पाय आढ्याला लागले पाहिजेत. मानेचा मणका झिजलेला असो, डोळ्यांत काचबिंदू असो, हौसेला मोल नाही. बी. के. एस. अय्यंगारांनी बेल्जियमच्या राणी एलिझाबेथला वयाच्या ऐंशीनंतर शीर्षासन शिकवलं, हा दाखला तोंडपाठ असतो. तिच्या शेजारी अय्यंगार स्वतः उभे होते. तुमच्या शेजारी कोण आहे? बाटलीला टेकवून ठेवलेला मोबाइल.

हेच अय्यंगार १९३७ मध्ये पुण्यात आले. लहानपणी मलेरिया, टायफॉइड, क्षय, सगळं भोगलेलं शरीर. म्हणून असेल कदाचित, पण न वाकणाऱ्या माणसांची त्यांना कणव होती. दोर, पट्टे, विटा, खुर्च्या यांचा आधार देऊन त्यांनी त्यांनाही आसनात बसवलं. आपल्या नवशिक्याला खुर्ची पुढे केली की अपमान वाटतो. 'मी काय म्हातारा झालो?' दिवसभर ऑफिसात जिला चिकटून असतो, तिच्याशी वर्गात ओळखसुद्धा दाखवत नाही.

आणि मांडीचं काय? पंगत गेली, बुफे आला. पाट गेला, डायनिंग टेबल आलं. संडासातसुद्धा उकिडवं बसणं गेलं. एवढ्या प्रगतीनंतर आता जमिनीवर बसायला महिन्याची फी. आजोबांना हे कळलं असतं तर त्यांनी जेवायला बसायचेही पैसे मागितले असते.

पद्मासनाचा हट्ट त्याहून वाईट. खुबा वळत नसला की सगळा पीळ गुडघ्यावर येतो. गुडघा बिजागरीसारखा, त्याला पीळ मानवत नाही. पण शेजारच्या काकूंना जमलं ना!

शिकायचंच असेल तर महाराष्ट्रात जागांची वाण नाही. सांताक्रूझची योग संस्था १९१८ची. लोणावळ्याचं कैवल्यधाम १९२४चं. स्वामी कुवलयानंदांनी तिथे एक्स-रे आणि दाब मोजायची यंत्रं लावून आसनं-क्रिया तपासल्या. चमत्कार नको, मोजमाप दाखवा, असं म्हणणारा योगी शंभर वर्षांपूर्वी आपल्या घाटमाथ्यावर बसला होता. आपणही लोणावळ्याला नेमाने जातो.

चिक्कीला.

त्यापेक्षा कोपऱ्यावरचा प्रमाणपत्रवाला बरा वाटतो. दोनशे तासांचा अभ्यासक्रम, रोज आठ तास, पंचवीस दिवसांत गुरू. एवढ्यात कार चालवायचा पक्का परवाना तरी मिळतो का? तिथे निदान तीस दिवस 'एल' लावून फिरावं लागतं. (सगळेच तसे नसतात. चांगला शिक्षक ओळखायचा कसा? तो पहिल्या दिवशी फारसं काही करू देत नाही. म्हणूनच त्याचा वर्ग अर्धा रिकामा असतो.)

मग करायचं तरी काय? फार काही नाही. रिकामं पोट, एक भिंत, एक चादर. नीट उभं राहणं, नीट वाकणं, श्वास कोंडायच्या आत थांबणं. पहिला महिना कंटाळवाणा जातो, आणि कंटाळ्याचा रील होत नाही. खरी अडचण गुडघ्याची नाहीच, ही आहे.

आणि हो, वर्गात नाव घालताना एक कागद भरून घेतात. 'रक्तदाब, हर्निया, पाठीचं दुखणं, शस्त्रक्रिया, काही आहे का?' नवशिक्या ठसठशीत अक्षरांत लिहितो: 'नाही.' मग बीपीची सकाळची गोळी घेतो आणि पहिल्या रांगेत बसून दणादण कपालभाती सुरू करतो. शिक्षक म्हणतात, 'सावकाश.' हा म्हणतो, 'जमतंय हो सर!'

शिक्षकापासून लपवाछपवी कशासाठी? काही खास कारण नाही. विम्याचे फॉर्म भरून भरून हाताला वळण लागलंय.