अभिमान घरपोच मिळेल

२ नोव्हेंबर २०२५ च्या मध्यरात्री माझ्या बायकोने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला. नवी मुंबईच्या मैदानावर धावपळ अकरा जणींनी केली हे मान्य. पण त्यांतली सलामीची स्मृती मानधना वाढली माधवनगरात, आणि माधवनगर बायकोच्या माहेरापासून सायकलवर जाण्याच्या अंतरावर. एवढ्या भांडवलावर तिने चषक उचलला, झोपलेल्या शेजाऱ्यांना उठवून पेढे वाटले आणि परत येऊन मला विचारलं, "तुमच्या साताऱ्याचं कोण होतं हो संघात?"

वाटलेले पेढे साताऱ्याचे कंदी होते. आमचा सहभाग तेवढाच.

मी सातारचा, ती सांगलीची, मध्ये कऱ्हाड. आमच्या घरात पदकाचा जिल्हा आधी बघितला जातो, खेळ नंतर.

तो सामना पावसामुळे दोन तास उशिरा सुरू झाला होता. आमच्याकडे तो त्याहूनही उशिरा चालला होता, कारण आम्ही केबल काढून इंटरनेटवर आलो आहोत. वरच्या मजल्यावरच्या काकांकडे अजून केबलच आहे आणि त्यांच्या मागासलेपणाची आम्हाला कीव येते. दक्षिण आफ्रिकेची लॉरा वोल्वार्ट शतक ठोकून आमच्या पडद्यावर निवांत खेळत होती, तेवढ्यात वरून आरोळी आली. म्हणजे ती बाद झाली होती. पुढचा काही वेळ आम्ही बाद झालेल्या फलंदाजाकडे बघत बसलो. आम्हाला ते कळलेलं, तिला नाही. मग तिने चेंडू उंच टोलवला, अमनज्योतच्या हातातून तो एकदा उडाला, पुन्हा उडाला, अख्खा देश श्वास रोखून बसला असेल. मी शेंगा सोलत होतो.

तक्रार केली. कंपनीचं नाव सांगत नाही, माझी तक्रार अजून 'प्रक्रियेत' आहे. पलीकडे माणूस नव्हता, माणसासारखं नाव लावलेलं यंत्र होतं. त्याने नमस्कार केला, माझं समाधान हेच आपलं ध्येय असल्याचं सांगितलं आणि समस्या निवडायला लावली: बिल, रिचार्ज, वेग, इतर. 'वोल्वार्ट आधीच गेली होती' असा पर्याय नव्हता. मी 'इतर' दाबलं. यंत्राने पुन्हा नमस्कार केला.

साताऱ्याच्या माणसाने कंपनीकडे दाद मागण्याची ही काही पहिली वेळ नाही. छत्रपती प्रतापसिंहांचं राज्य परत मिळावं म्हणून रंगो बापूजी तेरा-चौदा वर्षं लंडनला ठाण मांडून होते. ती कंपनी ईस्ट इंडिया होती. तिनेही त्यांचं म्हणणं ऐकून घेतलं होतं.

शेवटी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर शोधला आणि मोठ्याने वाचला, "एकोणीसशे पंधरा." स्वयंपाकघरातून उत्तर आलं, "विजय हजारेंचं जन्मसाल. सांगली."

तिची यादी लांब आहे. हजारे सांगलीत जन्मले आणि त्यांच्याच कप्तानीखाली भारताने फेब्रुवारी १९५२ मध्ये मद्रासला इंग्लंडला हरवून आपली पहिली कसोटी जिंकली. बॅडमिंटनचे नंदू नाटेकर सांगलीचे, १९६१ मध्ये अर्जुन पुरस्कार सुरू झाला तेव्हा तो घेणाऱ्या पहिल्या तुकडीतले. बुद्धिबळात भाग्यश्री साठे-ठिपसे. महिलांची पहिली महाराष्ट्र केसरी २०२३ च्या मार्चमध्ये सांगलीतच झाली आणि गदा सांगलीच्याच प्रतीक्षा बागडीने नेली. बाहेरच्यांना द्यायची पद्धत तिकडे नसावी.

यावर मी महसुली डाव टाकतो. सांगली जिल्हा म्हणजे मुळात दक्षिण सातारा; १९६० पर्यंत सरकारी कागदावर हेच नाव होतं. तेव्हा हजारे काय, नाटेकर काय, सगळे आमच्याच खात्यावर. ती भाजी परतता परतता सांगते, "हजारे जन्मले तेव्हा सांगली पटवर्धनांचं संस्थान होतं. तुमचं राज्य इंग्रजांनी १८४८ लाच खालसा केलेलं."

यावर साताऱ्याकडे उत्तर नाही. १८४८ लाही नव्हतं.

मग मी माणदेशात शिरतो. मोहीची ललिता बाबर २०१६ मध्ये रिओला तीन हजार मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी धावली. पी. टी. उषा १९८४ मध्ये धावल्या, त्यानंतर ऑलिंपिकच्या ट्रॅकवर वैयक्तिक शर्यतीची अंतिम फेरी गाठलेली ही पहिलीच भारतीय महिला. सोसायटीच्या बैठकीत मी अभिमानाने म्हटलं, "आपली ललिता दहावी आली." एकाने टक्के विचारले. साताऱ्याची अदिती स्वामी सतराव्या वर्षी, २०२३ मध्ये, बर्लिनला धनुर्विद्येत जगज्जेती झाली. तो सामना आमच्या इमारतीत झाडून सगळ्यांनी पाहिला, निकाल लागल्यावर.

पदकाच्या बाबतीत मी चोखंदळ गिऱ्हाईक आहे. २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत सांगलीच्या संकेत सरगरने ५५ किलो गटात एकूण २४८ किलो वजन उचललं. वडिलांची सांगलीत पानटपरी. १३९ किलो उचलताना कोपर दुखावलं, तरी गडी त्याच वजनाला पुन्हा भिडला. सुवर्ण मलेशियाच्या खेळाडूला गेलं, २४९ किलोंवर. एका किलोने! वाण्याने तांदूळ एक किलो कमी भरल्यावर संताप व्हावा, तेवढा मला झाला. आटपाडीच्या सचिन खिलारीने २०२४ च्या पॅरिस पॅरालिंपिकमध्ये १६.३२ मीटर गोळा फेकून रौप्य आणलं, तेव्हाही माझा पहिला प्रश्न हाच, किती थोडक्यात गेलं? मागवलं होतं सुवर्ण, डबा उघडला तर आत रौप्य. पैसे मी एकही भरलेला नव्हता, पण वस्तू बघून घ्यायचा हक्क ग्राहकाला आहेच.

कुस्तीत तर वस्तूही धड कळत नाही. परिषदा वेगवेगळ्या, त्यामुळे २०२५ मध्ये महाराष्ट्र केसरी दोन. फेब्रुवारीत अहिल्यानगरला पृथ्वीराज मोहोळ, मार्चमध्ये त्याच जिल्ह्यात कर्जतला वेताळ शेळके. एकावर एक मोफत. अहिल्यानगरला एका मल्लाने पंचाला लाथ घातली. ग्राहक सेवेशी बोलून झाल्यावर ती भावना मला अनोळखी वाटली नाही. साताऱ्यात एप्रिल २०२२ मध्ये शाहू क्रीडा संकुलात स्पर्धा झाली, कोल्हापूरच्या पृथ्वीराज पाटीलने गदा जिंकली आणि रोख बक्षीस कुठंय असं विचारलं. वस्तू मिळाली, कॅशबॅक अडकला. त्याच संकुलात जानेवारी २०२६ च्या १ ते ४ तारखेला ९९ वं मराठी साहित्य संमेलन झालं. क्रीडा संकुल हे फार कामाचं ठिकाण आहे. खेळाडूंनी अडवून ठेवलं नाही तर तिथे काहीही करता येतं.

आता माझा हुकमाचा एक्का. खाशाबा जाधव. गोळेश्वर कऱ्हाड तालुक्यात, कऱ्हाड सातारा जिल्ह्यात, पटवर्धन यात कुठेच नाहीत. १९५२, हेलसिंकी, स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. दुसरं यायला १९९६ उजाडलं. खाशाबांना हेलसिंकीला जायला पैसे नव्हते, तेव्हा कोल्हापूरच्या राजाराम कॉलेजचे प्राचार्य खर्डेकर यांनी स्वतःचं घर गहाण टाकून सात हजार रुपये उभे केले. त्या मानाने माझी वार्षिक वर्गणी काहीच नाही, हे मी बायकोला सांगून पाहिलं.

पदकाच्या दिवशीच देशाकडे खाशाबांच्या नावाने एक ऑर्डर नोंदवली गेली असं धरू. आपली ऑर्डर स्वीकारली आहे. १९५५, पोलिसात फौजदार. ऑर्डर तयार होत आहे. मग वर्षानुवर्षं बढती नाही. ऑर्डर तयार होतच आहे. ऑगस्ट १९८४, रस्त्यावरच्या अपघातात खाशाबा गेले. पत्त्यावर कोणी आढळले नाही. त्यानंतर मात्र पार्सलं येऊ लागली. अर्जुन पुरस्कार सन २००० चा. दिल्लीत कुस्तीच्या सभागृहाला नाव २०१० मध्ये. १५ जानेवारी २०२३ ला गूगलने डूडल काढलं, म्हणजे एक थेट कॅलिफोर्नियाहून आलं. खुद्द गोळेश्वरसाठी जाहीर झालेलं कुस्ती संकुल तेवढं वाटेतच राहिलं, इतकं की २०१७ मध्ये त्यांच्या मुलाने पदक लिलावात काढायची भाषा केली. बिर्याणी अर्धा तास उशिरा आली तर मी एक तारा देतो आणि पैसे परत मागतो. इथे तारे द्यायची सोय नव्हती. असती तर दोन तरी दिले असते, पॅकिंगसाठी.

हेलसिंकीहून खाशाबा आले तेव्हा शंभरावर बैलगाड्यांची मिरवणूक निघाली होती. त्यानंतर बैलांनी बरीच मजल मारली. सर्वोच्च न्यायालयाने मे २०२३ मध्ये शर्यतींचा मार्ग मोकळा केला, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये कवठेमहांकाळ तालुक्यातल्या बोरगावच्या मैदानात पहिलं बक्षीस होतं फॉर्च्युनर. पैलवान बैलगाडीने घरी आला, बैल फॉर्च्युनर जिंकून घरी गेले. विकास झाला नाही असं म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं. मेव्हणा मैदानात हजर होता. त्याचा रात्री फोन. "दाजी, नाद खुळा! माणूस नुसता मावंना." विश्वचषकाला आठवडाच झालेला. मी म्हटलं, "स्मृतीची मॅच बघितलीस का?" म्हणाला, "हायलाइट्स बघितल्या. पण बैलाला रिप्ले नसतो, दाजी."

सांगलीचा खरा खेळ मात्र पावसाळी आहे. जुलै-ऑगस्टमध्ये तिकडे 'किती झाले?' असं कुणी विचारलं तर क्रिकेट डोक्यात आणू नये. आयर्विन पुलाजवळ कृष्णा किती फुटांवर, असा प्रश्न असतो. चाळीसला इशारा, पंचेचाळीसला धोका, आणि २०१९ चा विक्रम सत्तावन्नच्या वर. तो मोडू नये म्हणून सगळं शहर एका बाजूने खेळतं. कोयना आमच्या जिल्ह्यात, १०५ टीएमसीची. दरवाजे इकडे उचलले की सासऱ्यांचा फोन तिकडून येतो, जणू मीच उचलले. खाली अलमट्टी. तिची पाणीपातळी ५१९.६० वरून ५२४.२५६ मीटरवर न्यायचं कर्नाटकाने काढल्यापासून ते दशांशचिन्हापुढच्या तिन्ही आकड्यांसकट भांडतात. सांगलीला न मागवता, बिनचूक पत्त्यावर, वेळेत घरपोच येणारी ही एकमेव सेवा. उंबऱ्याच्या आतसुद्धा आणून देतात.

त्याच जिल्ह्यात जत आहे. तिथल्या सीमेवरच्या गावांना पाण्याबाबत वर्षानुवर्षं एकच उत्तर मिळत आलं: या पिनकोडवर सेवा उपलब्ध नाही. नोव्हेंबर २०२२ मध्ये कर्नाटकाचे मुख्यमंत्री बोम्मई यांनी जतच्या चाळीस गावांवर हक्क सांगितला आणि मुंबईला एकदम विस्तारित म्हैसाळ योजना आठवली. मोबाइलवाल्यांचं असंच असतं. दहा वर्षं ओळख दाखवत नाहीत. नंबर पोर्ट करायला टाका, सकाळी सकाळी फोन येतो, सर, आपण नाराज आहात का?

बातम्यांविषयी काय लिहावं? विश्वचषक जिंकला तेव्हा सांगलीत वाहिन्यांच्या गाड्या आल्या त्या समजण्यासारख्या होत्या. त्याच नोव्हेंबरच्या अखेरीस स्मृतीच्या लग्नघरावर त्या पुन्हा धावल्या, तेव्हा सरळ बॅटने खेळायला एकही निवेदक तयार नव्हता. डिसेंबरात तिने स्वतःच चार ओळी लिहून विषय मिटवला, आम्हाला आमच्या पातळीवर सोडा म्हणाली. बायको आठवडाभर टीव्हीवर रागावलेली होती. रागावण्यासाठी तो पूर्ण वेळ चालू ठेवावा लागला.

मग आला १५ जानेवारी २०२६. राज्याचा क्रीडा दिन, आणि खाशाबांच्या जन्माला त्या दिवशी बरोबर शंभर वर्षं. त्याच दिवशी सांगली-मिरज-कुपवाडसह राज्यातल्या २९ महापालिकांचं मतदान. बोटाला शाईऐवजी मार्कर पेन लावलं होतं, आणि ते पुसतं की नाही यावर दिवसभर देश थांबला होता. एका वाहिनीवर नेलपॉलिश रिमूव्हर, दुसऱ्यावर सॅनिटायझर, तिसऱ्यावर नुसतंच बोट. खाशाबा खालच्या पट्टीतून एकदा सरकत गेले असतील, मला तरी दिसले नाहीत. संध्याकाळी मेव्हण्याचा व्हिडिओ कॉल आला. आधी बोट दाखवलं, मग ते घासून दाखवलं.

मी म्हटलं, "अरे, आज दिवस कोणता आहे ठाऊक आहे का?"

"मतदान."

"खाशाबांची जन्मशताब्दी!"

तो जरा विचारात पडला. "म्हणजे सुट्टी त्यांची हुती व्हय, दाजी?"