दिवा गरीब, बॅटरी जमीनदार

समुद्रपुरापासून कुठल्याही दिशेने निघा, पाचशे किलोमीटरच्या आत समुद्र लागत नाही. त्यामुळे इथे बसून नावेच्या वायरिंगवर बोलणाऱ्याला ‘तुम्हाला हो काय कळतं?’ असं विचारायचा हक्क हर्णै-मालवणच्या माणसाला आहेच. पण ओहमचा नियम कोकणाला एक आणि वर्धा जिल्ह्याला एक असा नाही. शिवाय आमच्या तालुक्यात लाल नाला प्रकल्पाचं पाणी आहे, आणि डोंग्यावर एलईडी लावायचा म्हटलं की सहज हाताशी येणारी बॅटरी बहुधा ट्रॅक्टरची असते. गफलत इथेच होते: माणूस वायर निवडतो दिव्याकडे पाहून, आणि वायर जळते बॅटरीकडे पाहून.

पाच वॅटचा एलईडी १२ व्होल्टवर अर्धा अँपिअरसुद्धा घेत नाही. एवढ्या अल्पाहारी प्राण्याला जाड वायर कशाला, म्हणून गणपतीच्या आरासीतली उरलेली बारीक वायर कामाला लागते. दिव्यापुरती ती पुरतेही. पण हीच बॅटरी सकाळी ट्रॅक्टरचा स्टार्टर फिरवताना शेकड्यांनी अँपिअर देते. थरथरीने वायर घासली, तांबं उघडं पडलं, दोन तारा एकमेकींना भेटल्या, की दिव्याची गरिबी कोणी विचारत नाही. बॅटरी आपल्या ऐपतीप्रमाणे देते. एलईडीचं कौतुक हे की त्याने दिव्यातली तापणारी तार घालवली. फ्यूज नसलेल्या नावेत ती तार दिव्याबाहेर येते आणि चांगली दोन मीटर लांब असते! त्यात पेट्रोलची वाफ आणि स्वयंपाकाचा गॅस दोन्ही हवेपेक्षा जड, म्हणजे गळले की नावेच्या तळाशी साचणार, आणि वायरही आपण बहुतेकदा तळातूनच नेतो. म्हणून दोन-तीन अँपिअरचा फ्यूज बॅटरीच्या पॉझिटिव्ह टोकापासून वीतभराच्या आत हवा. दिव्याशेजारी लावला, तर बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची वायर अनाथच राहते.

यावर पहिला आक्षेप ठरलेला: १२ व्होल्टचा झटका बसत नाही. बरोबर, कोरड्या हाताला बसत नाही. पण आग लागायला झटका लागत नाही. दुसरा आक्षेप, फ्यूज सारखा उडतो. तो उडतो म्हणजे बहुधा कुठेतरी वायर उघडी पडली आहे, एवढंच तो सांगत असतो; आणि आपण त्याच्या जागी सिगारेटच्या पाकिटातली चांदी गुंडाळून त्याचं तोंड बंद करतो. तिसरा आक्षेप कायद्याचा: एलईडीने मासेमारी करायला केंद्राने २०१७ सालीच बंदी घातली ना? घातली, पण ती समुद्रात मासे गोळा करणाऱ्या झोतांवर. आपली नाव दुसऱ्याला दिसावी म्हणून लावलेल्या दिव्याशी तिचा संबंध नाही. उलट समुद्रावरच्या टक्करी टाळण्याचे १९७२चे आंतरराष्ट्रीय नियम सात मीटरहून लहान आणि सात नॉटच्या वर न जाणाऱ्या यांत्रिक नावेलाही चहूबाजूंनी दिसणारा निदान एक पांढरा दिवा लावायला सांगतात.

राहिला खर्चाचा आक्षेप. फ्यूज मिळतो गाड्यांच्या सुट्या भागांच्या दुकानात, आणि दिव्याहून स्वस्त. होल्डर झाकणाचा घ्यावा, आणि त्याच मापाचे दोन फ्यूज जादा ठेवावेत. चांदीची आठवण होते ती खिशात दुसरा फ्यूज नसतो तेव्हाच.