नाजूकराव

आमच्या सोसायटीचे सेक्रेटरी म्हणजे बँकेतून निवृत्त झालेले, करड्या आवाजाचे गृहस्थ. पण मुलीच्या लग्नाची पत्रिका करताना छापखान्यातल्या पोराने त्यांना ‘एडवर्डियन स्क्रिप्ट’ दाखवला आणि माणूस हातचा गेला. तेव्हापासून ते नाजूकराव. अर्थात, त्यांच्या माघारी.

“एड बेंगियाटनं केलाय, १९९४ साली,” ते ऐकवतात. “टोकदार निबावर दाब दिला की रेघ जाड, हात सैल सोडला की केसाएवढी!” माहिती बिनचूक. घोळ होतो तो पुढे. हे अक्षर खुलतं ते पत्रिकेवर : वधूवरांची दोनच नावं, ऐसपैस आकार, भोवती भरपूर कोरी जागा. नाजूकराव त्यात टाकीसफाईचं वेळापत्रक बसवतात. तेही बारा पॉइंटात, सगळं कॅपिटलमध्ये. या जातीच्या फॉन्टमधलं प्रत्येक कॅपिटल एकट्यानं मिरवायला घडवलेलं. रांगेत उभी केली की एकमेकांच्या शेपट्यांवर पाय. त्यात सोसायटीच्या प्रिंटरची शाई नेहमी संपत आलेली, म्हणजे केसाएवढ्या रेघा उमटतच नाहीत. तळमजल्यावरच्या काकूंनी ते वेळापत्रक वाचून विचारलं, “मुहूर्त किती वाजताचा?”

मराठीसाठी त्यांनी ‘कलम’ धरला आहे. इंडियन टाइप फाउंड्रीचा हा हस्ताक्षरी फॉन्ट खरं तर चांगला वाचनीय. लाइट, रेग्युलर, बोल्ड अशा तीन वजनांत मिळतो. पण बोल्ड म्हणजे नाजूकरावांना दांडगाई वाटते. लाइटच हवा, आणि कागद वाचवायला ओळी इतक्या चिकटवलेल्या, की वरचा उकार खालच्या वेलांटीत जाऊन अडकतो. परवा फलकावर लागलं : ‘परक्या गाड्या आढळल्यास चाकांतील हवा काढण्यात येईल.’ कडेनं गुलाबाची वेल. वाचून वाटलं, हवा काढायला येणारा आधी गुलाबपाणी शिंपडेल. दुसऱ्या दिवशी परक्या गाड्या दोनाने वाढल्या.

“साहेब, र. कृ. जोशींचा मंगल वापरा. साधा, स्वच्छ, लांबून दिसतो,” खजिनदार काकुळतीला आले.

“मंगल? तलाठी कार्यालय आहे का हे?”

(वास्तविक तलाठ्याचा कागद वाचता तरी येतो.)

गेल्या महिन्यात थकबाकीदारांची यादी लागली. मथळ्यातला ‘थ’ इतका लडिवाळ, की तो कुठला तरी फुलांचा प्रकार वाटावा. खाली सात नावं, प्रत्येकासमोर रक्कम. यादीत पहिल्या नंबरावर असलेल्या गृहस्थांनी फलकाशेजारी उभं राहून फोटो काढला आणि स्टेटसला ठेवला. संध्याकाळपर्यंत त्यांच्या सासरहून चार अभिनंदनं आली. देणगी बरीच मोठी दिसते, असं मेहुण्याचं म्हणणं पडलं.