दर्जाग्रही गृहस्थ

मराठी मध्यमवर्गात गेल्या तीस-चाळीस वर्षांत जे नवे सामाजिक नमुने उदयास आले, त्यांत दर्जाग्रही गृहस्थ विशेष अभ्यासनीय मानावा लागतो. कारण त्याला श्रीमंत म्हणता येत नाही, शौकीन म्हटलेले त्याला रुचत नाही, आणि कंजूष म्हणावे तर त्याच्या कपाटात पंचवीस हजारांचे बूट असतात. ‘आपण ब्रँड बघत नाही, क्वालिटी बघतो’ हे त्याचे ब्रीद होय. पुणे, ठाणे, पार्ले, नाशिक या भागांत तो मुबलक आढळतो, आणि मुलगा न्यू जर्सीत असल्यास त्याची वाढ अधिक जोमाने होते. वय पन्नाशीच्या आगेमागे, चष्मा वाचण्यापुरता, आणि उजव्या हाताचा अंगठा व तर्जनी कायम चिमटीच्या तयारीत, ही त्याची बाह्य लक्षणे होत. लग्नकार्यात कोणी हस्तांदोलनासाठी हात पुढे केला की त्याची बाही या चिमटीत सापडते, आणि माणसाची विचारपूस होण्याआधी कापडाची होते.

अमेरिकी अर्थशास्त्रज्ञ थॉर्स्टीन व्हेब्लेन याने १८९९ साली दिखाऊ उपभोगाची कल्पना मांडली. वस्तू तिच्या उपयोगासाठी नव्हे, तर ती परवडते हे चारचौघांना कळावे म्हणून वापरणे, असा तिचा थोडक्यात अर्थ. दर्जाग्रही गृहस्थ या व्याख्येबाहेरचा आहे असे प्रथमदर्शनी वाटते, कारण त्याच्या शर्टाच्या छातीवर घोडा किंवा मगर नसते, आणि ख्रिश्चन लुबूताँ या फ्रेंच कारागिराच्या लाल तळव्याच्या पादत्राणांचा विषय निघाला तर तो ‘तळवा रंगवून चामडे सुधारत नाही’ असा शेरा मारतो. परंतु लाल तळवा एका नजरेत दिसतो आणि बघणारा मोकळा होतो. या गृहस्थाच्या बुटातील उत्तम शिवण आत दडलेली असल्यामुळे ती ऐकून घ्यावी लागते. दिखाऊ उपभोगात समोरच्याचे डोळे दिपतात, या दुसऱ्या प्रकारात त्याची शेवटची लोकल चुकते, आणि दोहोंतील अधिक उपद्रवी कोणता हे ठरवणे अवघड नाही.

त्याचे ज्ञान मात्र खोटे नसते, हे आरंभीच मान्य करायला हवे. सुताचा काउंट म्हणजे एका पौंड सुतात ८४० यार्डांच्या किती लडी भरतात तो आकडा, त्यामुळे आकडा जितका मोठा तितके सूत बारीक, ही व्याख्या त्याला तोंडपाठ असते. लोकरी सुटिंगच्या किनारीवर छापलेला ‘सुपर १००’ हा अंक तंतूची जाडी १८.७५ मायक्रॉनपेक्षा अधिक नसल्याचे सांगतो, पुढच्या दर दहा अंकांमागे ही मर्यादा अर्ध्या मायक्रॉनने उतरते, आणि मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग, हे तो मंगलदास मार्केटातल्या दुकानदारालाच समजावून देतो. दुकानदार मान डोलावतो, कारण तंतू जितका बारीक तितके कापड नाजूक, लवकर झिजणारे आणि चटकन चुरगळणारे, ही त्या ज्ञानाची उरलेली बाजू विक्रीच्या वेळी सांगण्याची त्याला गरज नसते. ‘सुपर १५०’चा सूट घालून सकाळी ८.२१ची डोंबिवली लोकल पकडणाऱ्या माणसाला ती बाजू दादर येईपर्यंत आपोआप कळते.

कापडाच्या परीक्षेचे सर्वांत कठोर दर्शन घरी आलेल्या आहेराच्या वेळी घडते. आहेरातले शर्टपीस ही वस्तू मुळात नेसण्या-घालण्यासाठी नसून एका कार्यातून दुसऱ्या कार्यात पाठवण्यासाठी असते, आणि असे कित्येक तुकडे सेलोफेनच्या वेष्टणातून एकदाही बाहेर न येता चार-पाच घरे फिरून मूळ दात्याकडे परततात, हे सर्वांना ठाऊक असते. दर्जाग्रही गृहस्थाला हा सामाजिक करार मान्य नाही. तो वेष्टण फोडतो, कडेचा एक धागा ओढून काढतो आणि देवघरातल्या निरांजनावर धरतो. सुती धागा जळताना जळक्या कागदाचा वास येतो आणि मऊ राख उरते. रेशीम व लोकर यांना केस जळल्याचा वास येतो. पॉलिएस्टर वितळून त्याचा टणक मणी बनतो. बहुतेक वेळा मणी बनतो. तो मणी बशीत ठेवून घरातल्या प्रत्येकाला दाखवला जातो, आणि ज्या मेहुण्याने ते शर्टपीस दिले त्याच्याविषयीचे मत त्या दिवसापासून कायमचे ठरते.

पादत्राणांचा विभाग याहून समृद्ध आहे. गुडइयर वेल्ट हा शब्द हा गृहस्थ इतरांनी कुलदैवताचे नाव घ्यावे तसा घेतो. वेल्ट म्हणजे बुटाच्या वरच्या भागाला आणि आतल्या तळाला शिवलेली चामड्याची अरुंद पट्टी. बाहेरचा तळ या पट्टीला शिवला जातो, आणि म्हणूनच तो झिजल्यावर उसवून नवा बसवता येतो. या शिवणीच्या यंत्राचे श्रेय चार्ल्स गुडइयर ज्युनियर याला दिले जाते, त्याचे वडील रबराचे व्हल्कनीकरण शोधणारे, आणि टायरच्या प्रसिद्ध कंपनीशी या घराण्याचा नावापलीकडे संबंध नाही, एवढी वंशावळ ऐकल्याखेरीज श्रोत्याची सुटका होत नाही. असा बूट तळ बदलत वीस वर्षे चालतो हे खरे आहे. परंतु त्यासाठी तो आधी झिजावा लागतो, आणि झिजण्यासाठी घालावा लागतो. चामड्याचा तळ पाणी पितो, त्यामुळे जून ते सप्टेंबर तो बाहेर निघत नाही. उरलेल्या महिन्यांत रस्ते खोदलेले असतात. परिणामी वर्षाचा बराचसा काळ हा गृहस्थ स्टेशनबाहेरून घेतलेल्या रबरी सँडलमध्ये वावरतो आणि दर्जेदार बूट देवदाराच्या साच्यावर चढून खोक्यात विश्रांती घेतात.

खोक्यातली विश्रांतीही निर्धोक नसते. मुलाने अमेरिकेहून पाठवलेले, चालण्यासाठीचे महागडे बूट ‘चांगल्या प्रसंगी’ म्हणून पाच-सहा वर्षे राखून ठेवले जातात, आणि प्रसंग उजाडतो त्या दिवशी दहा पावलांत तळाचे तुकडे गळू लागतात. यामागे चोरी किंवा फसवणूक नसून रसायनशास्त्र आहे: अशा बुटांचे तळ पुष्कळदा पॉलियुरेथेनचे असतात, हवेतल्या बाष्पाशी त्याची सावकाश अभिक्रिया होऊन रेणूंच्या साखळ्या तुटतात, आणि या क्रियेला जलविघटन म्हणतात. कोकणपट्टीच्या हवेत तिला अनुकूल वातावरण असते आणि बूट वापरला की राखला याची ती पर्वा करत नाही. कोपऱ्यावरचा चर्मकार असा तळ हातात घेऊन ‘काका, घालायचे होते ना’ एवढेच म्हणतो, आणि दर्जा या विषयावरील इतके नेमके भाष्य या गृहस्थाने स्वतः कधी केलेले नसते.

जून २०२५मध्ये मिलान येथे प्रादा या इटालियन कंपनीने पुरुषांच्या संग्रहात कोल्हापुरी वळणाच्या चपला मांडल्या, आरंभी कोल्हापूरचे नाव घेतले नाही, आणि महाराष्ट्रात गदारोळ झाल्यावर प्रेरणा भारतीय असल्याचे मान्य केले. त्या आठवड्यापर्यंत कोल्हापुरीला ‘भाजी आणायला ठीक’ म्हणणारा हा गृहस्थ त्यानंतर बाभळीची साल आणि हिरडा वापरून चामडे कसे कमावतात, या चपलेला २०१९ साली मिळालेले भौगोलिक मानांकन महाराष्ट्रातील कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर यांच्याप्रमाणेच कर्नाटकातील चार जिल्ह्यांनाही कसे लागू आहे, यावर अधिकाराने बोलू लागला. वृत्तपत्रांनी मिलानच्या चपलेची किंमत लाखाच्या वर छापली. त्याने कोल्हापुरात आठशेची जोडी साडेसहाशेला मागितली. कारागिराविषयीचा त्याचा अभिमान निखळ असतो, फक्त तो घासाघीस आटोपल्यावर सुरू होतो.

आता मूळ मुद्द्याकडे वळता येईल. चामडे, सूत, शिवण यांविषयी इतके जाणणाऱ्या या माणसाला एका वस्तूच्या मापाची अजिबात माहिती नसते, आणि ती वस्तू म्हणजे तो स्वतः. इंग्रजी पद्धतीत बुटाचा एक नंबर म्हणजे जवाच्या एका दाण्याची लांबी, म्हणजेच एक तृतीयांश इंच. युरोपीय पद्धतीत तो दोन तृतीयांश सेंटिमीटर. हे तो सांगेल, पण दोन्ही पद्धती लांबी मोजतात आणि त्याचा पाय रुंद आहे हे सांगणार नाही. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेने देशभरातील एक लाखाहून अधिक लोकांचे पाय मोजले तेव्हा भारतीय पाय युरोपीय पायांपेक्षा रुंद असल्याचे दिसून आले. इटालियन साच्यावर बेतलेला अरुंद बूट त्यामुळे त्याला चावतो, करंगळीला फोड येतो, आणि ‘लेदर सेट व्हायला वेळ लागतो’ असे म्हणत तो लंगडतो. येथे इटलीचे माप योग्य आणि पाय चूक, असा त्याचा निवाडा असतो.

पोटाच्या बाबतीत निवाडा नेमका उलटतो. किलोग्रॅममधील वजनाला मीटरमधील उंचीच्या वर्गाने भागले की जो शरीरभार निर्देशांक मिळतो, त्याचे मूळ सूत्र केतले या बेल्जियन गणितज्ञाचे. तेवढ्या आधारावर ‘हे युरोपातल्या लोकांसाठी आहे, आपली हाडे वेगळी’ असे सांगून हा गृहस्थ त्यातून सुटू पाहतो. वस्तुस्थिती अशी की भारतीयांसाठी डॉक्टर अतिरिक्त वजनाची रेषा पंचवीसऐवजी तेवीसवरच आखतात, म्हणजे युरोपीय माप त्याने स्वीकारले तर उलट सवलतच मिळेल. पाय भारतीय असूनही इटालियन मानणारा आणि पोटाला भारतीय सवलत मागणारा, असा हा दुहेरी नागरिक आहे. लग्नातले चौतीसचे माप अजून कायम असल्याचे तो अभिमानाने सांगतो, आणि ते खोटेही नसते. पँट पूर्वी बेंबीवर बांधली जाई, आता ती पोटाच्या खाली विसावते, तेव्हा माप बदललेले नाही, कंबरेची जागा बदलली आहे. शिवाय तयार पँटच्या लेबलावर छापलेला आकडा प्रत्यक्ष टेपपेक्षा इंच-दीड इंच कमी ठेवण्याची प्रथा अनेक कंपन्या गिऱ्हाइकाला खूश राखण्यासाठी पाळतात. धागा जाळून पाहणारा हा परीक्षक या एका आकड्याची परीक्षा करत नाही.

शर्ट पोटावर ताणून काजांतून बनियन डोकावू लागले, तर ‘कापड आटलं’ हे उत्तर तयार असते. खरेदीच्या दिवशी त्यानेच सॅन्फराइज्ड म्हणजे यंत्रावर आधीच आटवून घेतलेले आणि म्हणून धुतल्यावर नाममात्र आटणारे कापड मागून घेतले होते व त्यावर बायकोला अर्धा तास व्याख्यान दिले होते, याची आठवण ती करून देत नाही. तिच्या ब्लाउजच्या दाबात, म्हणजे शिवणीच्या आत राखलेल्या जादा कापडात, एकाशेजारी एक अशा तीन-चार उसवलेल्या शिवणींच्या खुणा असतात. शरीर बदलणार हे तिने आणि तिच्या टेलरमास्तरांनी कापड बेततानाच गृहीत धरलेले असते. साडीला तर नंबरच नाही. स्त्रियांनाही पैठणीचा पदर उलटून मागचे विणकाम तपासण्याची सवय असते, पण त्या पैठणी नेसतात.

फ्रेंच विचारवंत दिदरो याने १७६९मध्ये लिहिले की नवा झगा आल्यावर घरातली प्रत्येक जुनी वस्तू त्याला विजोड वाटू लागली आणि एकेक बदलत जावी लागली. दर्जाग्रही गृहस्थाचेही तसेच होते: बुटांना साजेसा पट्टा येतो, पट्ट्याला साजेशी पँट, पँटला साजेसा शर्ट, आणि ही मालिका वर चढत पोटापाशी येऊन थांबते, कारण तिथे बाजारातून आणण्यासारखे काही नसते. मग तो पुन्हा खालून, बुटांपासून सुरुवात करतो. या वर्गाच्या उद्योगावर बाजारपेठा चालतात, त्यामुळे त्याला सुधारण्याचा प्रयत्न कोणी करू नये.

वाचकांना एवढीच विनंती की अशा घरी कार्य निघाल्यास शर्टपीस नेऊ नये, पाकीट द्यावे. भारतीय नोटेचा कागद शंभर टक्के कापसाचा असतो, आणि तो जाळून पाहिला जात नाही.